मोकळं आवार

शिरगावात खाणीजवळच्या एका खोलीत सावळाराम आणि त्याचा धाकटा भाऊ बायकापोरांसह राहत. मागच्या खुराड्यातल्या कोंबड्या एकमेकींना टोचून रक्त काढू लागल्या, तेव्हा सावळारामाने गुरांच्या डॉक्टरांना आणून दाखवलं.

"कोंबड्या वाईट नाहीत. दाटीने अशा वागतात. खुराडं वाढव, फिरायला मोकळं आवार दे."

रविवारी घाम गाळून त्याने खुराडं वाढवलं आणि सगळं परस कुंपणात घेतलं. तेवढ्यात त्याची बायको सुमती डोळे पुसत बाहेर आली. जावेशी पुन्हा कडाक्याचं वाजलं होतं. कुंपणातल्या मोकळ्या जागेकडे बोट करत ती म्हणाली,

"आमकाय जागा पुरना नाय, हो. हयसर एक पडवी काढून द्या. मी वेगळी चूल मांडतंय."

कुंपणाचं फाटक लावत सावळाराम म्हणाला, "हयसर? मगे कोंबड्यांका कमी पडतली."