चाळीस मिनिटं मागे

बाहेर चार वाजले होते आणि टेगनच्या पडद्यावर अजून तीन वीसचाच समुद्र दिसत होता.

टास्मानियाच्या त्या किनाऱ्यावर शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्या नऊशे होड्या. प्रत्येकीवर मुठीत मावेल अशी डबी, दर सेकंदाला ठावठिकाणा कळवणारी. नोंदी धडाधड यायच्या आणि डेटाबेस त्या एकेक करून, दर नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबत लिहायचा. टेगन दोन वर्षं नवी, वेगवान डिस्क मागत होती. कोण ऐकतंय!

"झालं का गं?" बंदर सांभाळणारा डेस दारातूनच ओरडला. "वादळ अर्ध्या तासावर आलंय. हेलिकॉप्टर एकच, तेही एका फेरीपुरतं. बाहेर कोण राहिलंय ते सांग."

"सांगते रे! या मेल्याला घाई कळली तर ना!"

तिचा बापही बाहेर होता. क्लाइव. सत्तरीचा आणि महाहट्टी. शेवंडांची आपली जागा त्याने पोटच्या पोरीलाही कधी दाखवली नव्हती. होडीवर डबी बसवली तेव्हा आठवडाभर अबोला धरला होता.

तिने नोंदी हजार-हजारच्या गठ्ठ्याने लिहायला लावल्या. पडद्यावर तीन पंचवीस. मेमरी वाढवली. तीन तीस. टेबलावर बुक्की मारून झाली. शेवटी दातओठ खात तिने डेटाबेसचं डिस्कसाठी थांबणंच बंद केलं. वीज गेली तर शेवटच्या नोंदी जातील. जाऊ देत, खड्ड्यात गेल्या.

पडद्यावरचं घड्याळ पळायला लागलं. तीन पन्नास. चार. चार दहा.

क्लाइवचा ठिपका नेव्हच्या ठिपक्याला चिकटून धक्क्याला लागत होता. नेव्ह त्याचा जुना दोस्त. टेगनच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हातारा निदान एकटा नव्हता.

"बाबा आत आलाय," ती म्हणाली. "बाहेर फक्त उत्तरेची एक होडी राहिली. हेलिकॉप्टर तिकडे पाठव."

"नक्की?"

"डेस, समोर दिसतंय की!"

हेलिकॉप्टर उत्तरेला गेलं. टेगन पावसातून धावत धक्क्यावर पोचली. नेव्ह एकटाच दोर बांधत होता. शेजारची जागा रिकामी होती.

"नेव्हकाका, बाबा कुठाय?"

नेव्हने रेनकोटच्या खिशातून एक डबी काढून तिच्या हातावर ठेवली.

"ही घे, त्याची. सकाळी माझ्याकडे देऊन दक्षिणेला गेला. म्हणाला, आपली जागा पोरीलाही दिसायला नको." त्याने धक्क्यावर नजर फिरवली. "का गं? अजून आला नाही तो?"