पहिल्या दिवशीची गिऱ्हाइकं

पहिली थप्पड कॉफीवालीच्या कानशिलात बसली, तेव्हा दुकानात प्रत्येकाच्या हातात तिचीच कॉफी होती.

दुकान त्याच सकाळी उघडलं होतं. तलावाकाठी हॉटेलं होती, भाड्याच्या होड्या होत्या, पण निवांत बसून दोन घोट घ्यावेत अशी जागा नव्हती. त्यामुळे शेजारपाजार सगळा लोटला होता. दुसरा फटका तोंडावर आला. ओठ फुटला आणि नव्याकोऱ्या फरशीवर रक्त ठिबकलं.

"मला सोडून दुकान थाटतेस?" तिचा नवरा म्हणाला. तो आदल्या दिवशीच समोरच्या हॉटेलात उतरला होता, तलावाकडच्या खोलीत.

सगळ्यांच्या नजरा आपापल्या कपात गेल्या. होडीवाल्याची, फोटोवाल्याची, हॉटेलच्या मॅनेजरचीही. इथली रीतच तशी होती. पाहुणे कुठे भांडतात, कुठे रडतात. आपण हळूच दार ओढून घ्यायचं आणि कामाला लागायचं. कोपऱ्यात बसलेल्या, हॉटेलच्या लाँड्रीवाल्या काकूंना मॅनेजरने कामावर घेताना पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. चादरीवरचं रक्त गार पाण्यात निघतं, हे काकूंना पाठ होतं. ते कुणाचं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ही कॉफीवाली पोर लग्नानंतर याच नवऱ्याबरोबर त्याच हॉटेलात राहून गेली, तेव्हाही नाही.

"अहो, पिल्लूसमोर नको," कॉफीवाली म्हणाली.

त्याने तिचे केस धरून डोकं काउंटरवर आपटलं. बिस्किटांची काचेची बरणी खाली येऊन फुटली. तिची लेक पिल्लू काकूंच्या गुडघ्याला बिलगून उभी होती. रडायचंसुद्धा विसरली होती. त्याने तिचं मनगट धरून हिसका दिला.

"चल घरी."

लेकीचा हात खांद्यातून पिरगळला गेला. ती किंचाळली. आई काचांवरून सरपटत आली आणि तिने त्याचा पाय धरला. त्याने बुटाच्या टाचेखाली तिची बोटं रगडली. कट्‌ असा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी तिने पाय सोडला नाही.

काकू उठल्या. मशीनला कॉफीची पूड भरायचा जड दांडा लावलेला होता, तो त्यांनी उपसला. जन्मभर ओल्या चादरी पिळलेले हात ते. पहिला घाव त्याच्या कोपरावर बसला. पिल्लू सुटली आणि काउंटरमागे पळाली. दुसरा गुडघ्यावर बसला, तो कोसळला. तिसऱ्याची गरज नव्हती. काकूंनी तोही घातला.

"पुरे आता काकू," होडीवाला म्हणाला. मान त्याने वर केली नाही.

आरडाओरडा ऐकून हवालदार आला तेव्हा नवरा फरशीवर कण्हत पडला होता. हात भलत्याच बाजूला वळला होता.

"या म्हातारीनं मारलं मला," तो ओरडला. "एवढी माणसं बसली आहेत, विचारा त्यांना."

दांडा अजून काकूंच्या मुठीतच होता. तो टाकून द्यायचंही त्यांना सुचलं नव्हतं. हवालदाराने आधी दांड्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग सगळ्यांवरून नजर फिरवली. कॉफीवालीने सुजलेल्या हाताने लेकीला पोटाशी घेतलं होतं.

मॅनेजरने कप खाली ठेवला आणि कोट सारखा करत उभा राहिला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. हॉटेल त्याचं, गिऱ्हाईक त्याचं, चादरीही त्याच्याच.

"साहेब, हे आमचे पाहुणे," तो म्हणाला.

हवालदाराने मान डोलावली.

"आणि तुम्ही इथलेच आहात, तुम्हाला काय सांगायचं," मॅनेजर म्हणाला. "पाहुण्यांचं काय होतं, ते इथे कुणी बघत नाही."