शिट्टीनंतर

“सही कर,” विठ्ठलने कागद पुन्हा बंटीपुढे सरकवला. माजिवड्याच्या त्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बापलेक अर्धा तास बसले होते. आत कबड्डी लीगची शिस्त समिती जमली होती. बंटीने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही कुबड्या मांडीवर आडव्या धरून तो पंख्याकडे बघत राहिला.

“अरे, चार महिने झाले. कोणाला वाचवतोयस तू? त्या तान्याला? ज्याने तुझा पाय खाल्ला त्याला?”

बंटीने पंख्यावरून नजर काढली नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून त्याचं हे असंच. विठ्ठलला पोराचं वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की त्याला रागच यायचा.

विठ्ठल खोपटच्या डेपोत मेकॅनिक. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेला. आणि त्याचा आवाज म्हणजे काय सांगावं! डेपोच्या ह्या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा ड्रायव्हर दचकून ब्रेक दाबायचा. बंटी सहा वर्षांचा झाला तसं त्याने पोराला मैदानात उतरवलं आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. शिट्टी झाली की अंग सैल सोडायचं. आणि हजार माणसं ओरडू देत, त्यातून आपल्या अण्णाचा आवाज ओळखायचा. तो सांगेल ते डोळे मिटून करायचं. पोरगा तसाच तयार झाला. तेविसाव्या वर्षी लीगमध्ये करारावर खेळायला लागला. विठ्ठल रजा टाकून प्रत्येक सामन्याला जायचा.

मग डोंबिवलीचा तो सामना आला. बंटी चढाईला गेला आणि खडवलीच्या तानाजीने त्याच्या पायाला कैची घातली. आपल्या दोन पायांत समोरच्याचा पाय आवळून धरायचा, ही पकड नियमात बसत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पंचाने शिट्टी फुंकली. पण बंटीच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. तीन ऑपरेशनं झाली. जखम चिघळली. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. सामन्यानंतर आठवडाभर विठ्ठलचा घसा बसला होता. रडून रडून बसला, असं सगळे म्हणाले. त्यालाही तेच वाटलं.

कैची घातल्याचं तानाजीने कबूल केलं होतं. नुसत्या कैचीला एक वर्षाची बंदी. पण शिट्टीनंतरही त्याने पाय आवळूनच धरला असं ठरलं, तर जन्मभराची. विठ्ठलला जन्मभराचीच हवी होती. माझ्या पोराचं मैदान गेलं ना, मग त्याचंही जाऊ दे! चार महिने तो ह्या एवढ्यावरच जगत होता. लीगच्या चित्रीकरणात आवाज नव्हता, म्हणून शिट्टी नेमकी कधी झाली ते कळत नव्हतं. बंटीची जबानी त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढली, तर हा सही करेना. मग शेजारचा काळुराम आठवला. सामन्यात तो विठ्ठलला खेटूनच बसला होता आणि मोबाईलवर शूटिंग करत होता. कालच त्याच्याकडून क्लिप मागून घेतली.

“आधी घरी एकदा बघून घे, विठ्ठल,” काळुराम म्हणाला होता.

विठ्ठलने बघितली नाही. ते हाड पुन्हा बघायची त्याची छाती नव्हती.

आत बोलावणं आलं. कोपऱ्यात तानाजी मान खाली घालून उभा होता. समितीचे अध्यक्ष सुधीर सर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी विठ्ठलचा मोबाईल टेबलावरच्या स्क्रीनला जोडला.

“विठ्ठलराव, तुम्हाला हे पाहणं जड जाईल. बाहेर थांबलात तरी चालेल.”

तेवढ्यात बंटी बोलला. “सर, आवाज बंद करून लावा.”

“का म्हणून?” विठ्ठल उसळला. “आवाजासकट लावा, साहेब! शिट्टी ऐकू दे. हाड मोडलेलं पण ऐकू दे सगळ्यांना!”

क्लिप सुरू झाली. विठ्ठलने डोळे घट्ट मिटून घेतले. आरडाओरडा, टाळ्या, मग शिट्टी. शिट्टी झाली तसे त्याने डोळे उघडले. आता त्याला तान्याचे पाय बघायचे होते.

तान्याचे पाय सुटत होते. बंटीचंही अंग सैल पडलं होतं.

आणि अगदी काळुरामच्या मोबाईलच्या जवळून, सगळ्या गर्दीच्या वर, एक आवाज फुटला. “ओढ, बंट्या! रेषा समोर आहे! सोडू नको, ओढ!”

स्क्रीनवरच्या बंटीने मान उचलली. होतं नव्हतं तेवढं बळ लावून तो रेषेकडे गर्रकन वळला. पाय अजून अर्धा कैचीत होता. मग ते हाड मोडलं.

सुधीर सरांनी क्लिप थांबवली. विठ्ठलचा हात आपल्याच गळ्याकडे गेला. तानाजीने मान वर केली नाही.

“बंटी,” सर हळू आवाजात म्हणाले, “शिट्टी झाली होती. तुम्ही दोघंही थांबला होतात. कोणीतरी ओरडलं म्हणून तू वळलास. तो आवाज कोणाचा होता?”

बंटीने बापाच्या हातातला तो कागद घेतला, घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला.

“लय गर्दी होती, सर,” तो म्हणाला. “हजार माणसं ओरडत होती. मला नाही ओळखता आला.”