मान फिरवणारा कॅमेरा

टेबलावरच्या नव्या कॅमेऱ्यानं आपणहून मान फिरवली आणि द्वारकाबाईंकडे तोंड करून तो थांबला. त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

“माणूस हाललं की त्याच्या मागं फिरतो, आजी,” गुलमंडीच्या दुकानातून आलेला कडूबा म्हणाला. “अंधारातबी दिसतं याला.”

“शी! काय मेलं हे. अंधारात काय बघायचंय त्याला?”

पुण्याच्या मुलानं, बद्रीनाथनं, तो पाठवला होता. आईला पसंत पडला तर बसवायचा, नाहीतर कडूबा परत नेणार होता.

जुना समोरच्या भिंतीवर होताच. द्वारकाबाई मुकुंदवाडीच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी लावलेला. तेव्हापासून त्यांना स्वतःच्या खोलीची किळस येई. लुगडं बदलायला त्या न्हाणीत जात. एका हातानं नळ धरून, लटपटत्या गुडघ्यांवर. कवळी पदराआड काढत. एकदा सुनेचा फोन आला होता, “आई, आवडाबाई तुमच्या पलंगावर बसतात.” त्या दिवसापासून कामाला येणारी आवडाबाई फरशीवर बसून त्यांचे पाय चेपत असे.

पूर्वी गंगापुरात राहत तेव्हा सगळी गल्ली त्यांच्यावर नजर ठेवून असायची. पण खोकल्याचा आवाज बाहेर गेला की कुणीतरी काढा घेऊन दारात उभं राही. आणि त्याच्याही आधी, रझाकारांच्या धामधुमीत, आईनं त्यांना कडब्याच्या गंजीत दडवलं होतं. तेव्हा निदान दडायला जागा होती.

“घ्या की आजी,” आवडाबाई म्हणाली. “लेकाला तुमचं तोंड तरी नीट दिसंल.”

“तोंड बघायचं तर पुण्याहून गाड्या बंद झाल्यात व्हय?”

तेवढ्यात बद्रीनाथचाच फोन आला.

“आई, जुन्यात जरा धूसर दिसतं गं. तरी सकाळी उठल्यावर आधी तुला बघतो, मगच चहा घेतो. कालही पाहिलं, जेवताना अर्धी भाकरी टाकलीस. असं करू नकोस. नवा बसवून घे. मीटिंग आहे, पाच मिनिटांत परत फोन करतो.”

अर्धी भाकरी द्वारकाबाई रोजच टाकत. त्यावरून कुणी रागवून किती वर्षं झाली होती. किळस होतीच, पण ती त्यांनी गिळली.

“लाव बाबा,” त्या कडूबाला म्हणाल्या. “दिसू दे त्याला.”

कडूबा स्टुलावर चढला. जुना कॅमेरा काढण्याआधी त्यानं आपल्या मोबाईलवर काहीतरी तपासलं. पुन्हा तपासलं.

“आजी, हा बंद हाय की.”

“बंद कसा? लाल दिवा लागतो त्याचा.”

“दिवा नुसता विजेवर लागतो. याचं नेट दिवाळीतच तुटलंय. तवापास्नं तिकडं कायबी गेलेलं नाय. कुणी एकदा जरी उघडून बघितलं असतं, तरी कळलं असतं.”

खिडकीबाहेर मे महिन्याचं ऊन भाजत होतं. आवडाबाईनं मान खाली घातली. द्वारकाबाईंना न्हाणीतली थंडगार फरशी आठवली. सबंध हिवाळा त्या तिथं कुडकुडत लुगडं बदलत होत्या. कुणासाठी? तोंडात काहीतरी आंबूस आलं. या वेळी ते कॅमेऱ्यामुळं नव्हतं.

कडूबानं पेचकस खिशात घातला. “मग काय करू?”

फोन वाजला. आवडाबाईनं तो त्यांच्या हातात दिला.

“काय ठरलं, आई? बसवला ना नवा?”

“नको रे,” द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. “तुला जुन्यातूनच एवढं सगळं दिसतंय. नवा कशाला?”