उजवा स्पीकर

सोसायटीत कानसेन म्हणून मिरवणारे निवृत्त मॅनेजर तीन महिने हैराण होते. पाच वॅटच्या, जुन्या काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अ‍ॅम्प्लिफायरला त्यांनी इवलेसे स्पीकर जोडले होते, पण उजवा जरा दबकाच वाजायचा. व्हॉल्व्ह बदलले, वायरी बदलल्या, साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायरही लावून पाहिला. उजवा आपला दबका तो दबकाच. शेवटी त्यांनी नवे स्पीकर आणायचं काढलं, तेव्हा बायको मध्ये पडली.

"अहो, त्याआधी एकदा कान तपासून घ्या."

"माझे कान? अगं, वरच्या मजल्यावरचा गळका नळसुद्धा ऐकू येतो मला!"

"आणि मी मारलेली हाक?"

"ते वेगळं."

बायकोनं त्यांची खुर्ची उलटी फिरवली, स्पीकरकडे पाठ करून त्यांना बसवलं आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली.

"आता कोणता दबका?"

"उजव्या हाताचाच!"

"तो मघाचा डावा आहे. मघाशी चांगला ठणठणीत होता."

कानसेन मग सावकाश उठले आणि बसल्या जागेकडे निरखून पाहू लागले.



"तरीच! दोष या खुर्चीत आहे."