ज्योत हलली की

जावातले सावल्यांचा खेळ करणारे सगळे बाहुलीवाले केव्हाच विजेच्या दिव्यावर गेले होते, पण पारियोनोच्या बाबांनी शेवटच्या वर्षांत पडद्यामागे पुन्हा जुना तेलाचा दिवा टांगला. त्यांच्या सावल्या श्वास घेतात, असं गाव म्हणायचं. बाबा गेल्यावर पारियोनोला तोच श्वास हवा होता. पहिल्या खेळाच्या तालमीला त्याने तोच दिवा लावला आणि आईला पडद्यापलीकडे, सावल्यांच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या चटईवर बसवलं.

त्याने विदूषकाची बाहुली हातात धरली. "आई, श्वास घेतोय का गं?"

"घेतोय की. पण पडद्याखाली केळीच्या खोडात रोवून ठेवलेल्या तुझ्या राजांच्या बाहुल्याही घेतायत."

"ज्योत हलली की सगळ्याच सावल्या हलणार!"

"बाबांच्या वेळी फक्त हातातली बाहुली हलायची. तुझा मेला हात आहे की खांब?"

पारियोनोने हातातल्या विदूषकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाबांचा हात..."

"थरथरायचा. कुणाला कळू नये म्हणून तर तेलाचा दिवा आणला. रोज खेळ संपला की विचारायचे, 'दिसलं का गं?'"

पारियोनोने बोटं सैल सोडली. ज्योत आता स्थिर होती, खोडातले राजे स्थिर होते, आणि विदूषक एकटाच थरथरू लागला.

 पडद्यापलीकडून आईचा आवाज आला.

"छे हो, काही दिसत नाही. ज्योत हलतेय नुसती."