पोच, वेग, भरवसा

"जगात मोजता येत नाही अशी एकही गोष्ट नाही!"

हे वाक्य उच्चारणारे निवृत्त वजनमापे निरीक्षक त्या वेळी वॉशिंग मशीनवर उभे होते. एका हातात बायकोचा मोबाइल, दुसऱ्या हातात वही, कानावर पेन्सिल. आणि खाली कसं उतरायचं ते त्यांना कळत नव्हतं.

"आधी मशीनची उंची मोजा," बायको म्हणाली आणि स्टूल आणून ठेवलं.

मुलगा दूरदेशी होता. दर रविवारी अकराला आईच्या फोनवर त्याचा फोन यायचा. गेले दोन महिने त्याला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगायचं होतं ते निरीक्षकांना ठाऊकच होतं : 'बाबा, आता तुम्ही दोघं इकडेच या.' अडचण एवढीच, की ते वाक्य पोचत नव्हतं. बोलणं मध्येच तुटायचं. बायको परत लावून पाहायची आणि मान हलवायची.

वाक्य आलं नव्हतं, तयारी मात्र झाली होती. दोरीने करकचून बांधलेलं खोकं महिनाभर हॉलमध्ये उभं होतं आणि येणारा-जाणारा त्याला ठेचकाळत होता. आरामखुर्ची खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना देऊ केली होती. ते दोनदा येऊन, बसून, पाठ टेकून गेले होते. आता 'जाणं रद्द' म्हणायचं तर तोंड कुठे लपवायचं?

म्हणून निरीक्षकांनी तिन्ही मोबाइल कंपन्यांची रीतसर तपासणी काढली. जाहिरातीवरून त्यांनी त्यांची नावंही ठेवली : कबुतरवाली, घोडेवाली आणि बाळवाली. वहीत रकाने आखले : पोच, वेग, भरवसा. शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना नसलेला तक्ता त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

"भरवशाचं कार्ड कोणतं?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"काका, मी बायकोच्या फोनात दोन कंपन्यांची घातलीत. एक लागलं नाही तर दुसरं लागावं म्हणून."

"मग?"

"आता दोन्ही लागतात. माझीच पंचाईत झालीय."

दर आठवड्याला नवं कार्ड, नवा नंबर. "बाबा, तुम्ही फरार आहात का?" मुलाने एकदा विचारलं. निरीक्षक मनापासून हसले. मग मुलगा काहीतरी सांगू लागला आणि बोलणं पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी तुटलं.

पोच त्यांनी खोलीवार मोजली. कबुतरवालीची स्वयंपाकघरात एक दांडी, न्हाणीघरात शून्य. घोडेवाली सगळीकडे भरभरून. वेग मोजायला त्यांनी खोक्याचा फोटो मुलाला पाठवला. घोडेवालीने तो नऊ सेकंदांत पोचवला. मुलाने पाहिल्याची खूणही आली. उत्तर आलं नाही, पण ते वेगात धरायचं नव्हतं.

भरवशात मात्र तिघीही नापास. कबुतरवाली चार मिनिटं दहा सेकंद, घोडेवाली पाच चाळीस, बाळवाली तीन पाच. निरीक्षक दर वेळी बायकोला खेटून, घड्याळावर डोळा ठेवून बसायचे. फोन धरायची ती. त्यांच्या बोटाने भलतंच काहीतरी दाबलं जायचं, आणि तिची तर सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये, लोकांचे कॉल जोडण्यात गेलेली.

"आमच्या वेळी तीन मिनिटं झाली की आम्ही सांगून तोडायचो," ती म्हणाली. "हल्ली सांगतसुद्धा नाहीत."

"काय करायचं अशा कंपन्यांना!"

"काय करणार? आपल्या हातात काय आहे?"

चौथ्या रविवारी निरीक्षकांनी हात टेकले आणि जुनं कबुतर परत फोनात घातलं. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. आणि अर्धा तास आधीच फोन वाजला. त्यांनी जीव मुठीत धरून बोट फिरवलं. लागला!

"आई?"

"मी आहे रे. आई गच्चीवर. बोल."

पलीकडे शांतता. तुटला असं समजून त्यांनी पाहिलं. एकच दांडी होती, पण सेकंद पळत होते.

"बाबा, एक सांगायचंय."

"बोल ना!"

"ते खोकं सोडा बाबा. तुम्हाला इकडे आणणं नाही जमणार. आत्ता नाही, आणि... पुढेही नाही. आमचंच इथे धड काही नाही. आईला मी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलंय. ती म्हणाली, त्यांना इतक्यात नको सांगू. पण तुमचा तो फोटो आल्यापासून मला राहवेना. दर रविवारी सांगायला जातो आणि..."

"लाइन तुटते."

"हो."

"कंपनी वाईट आहे," निरीक्षक म्हणाले. "जेवलास का?"

बोलणं अकरा मिनिटं चाललं. आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ.

फोन ठेवून त्यांनी वही उघडली. मिनिटं तीन रविवारची तीन तऱ्हांची. शेऱ्यात मात्र, जुन्या सवयीने, त्यांनी शेवटचं ऐकू आलेलं वाक्य टिपून ठेवलं होतं. तिन्ही ओळींत एकच : 'बाबा, एक सांगायचंय.' चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या तराजूतली खोट पकडणाऱ्या माणसाने तो रकाना आजवर वाचला नव्हता.

बायको रिकामी बादली घेऊन आली. टेबलावरचा फोन सरकलेला तिला लांबूनच दिसला.

"फोन आला होता?"

"आला होता."

"मग? काय म्हणाला?"

निरीक्षकांनी वही मिटली, पेन्सिल कानावर ठेवली.

"'बाबा, एक सांगायचंय' म्हणाला, आणि तुटला." मग खोक्याची दोरी उगाचच घट्ट करत ते म्हणाले, "अगं, पुढच्या रविवारी फोन तूच धर. तुझ्या हातात रेंज बरी येते."